पगाराला एकोणीस दिवस बाकी: घणसोलीतलं एक प्रकरण

रविवार, २० जुलै २०२५. सकाळी साडेदहाच्या सुमारास ती माझ्याकडे आली ती मुलीची गणिताची वही घेऊन. शेवटच्या पानावर तारखा आणि रकमा लिहिलेल्या होत्या, काही खोडलेल्या, काही दोनदा गिरवलेल्या. फोन तिने टेबलावर उलटा घालून ठेवला होता. मी चहा टाकून परत येईपर्यंत तो अकरा वेळा थरथरला. दर वेळी तिचा हात पुढे जायचा आणि अर्ध्यावरून मागे यायचा.

"काकू, मी पैसे भरलेत हो. भरतच आलेय. तरी संपत नाहीत."

मी सहकारी बँकेच्या कर्ज विभागात सत्तावीस वर्षं काढली. निवृत्तीनंतर घणसोली-कोपरखैरणे भागातल्या बचत गटांची दप्तरं तपासून देते आणि इथल्या एका छोट्या पतसंस्थेच्या कर्ज समितीला सल्ला देते. वहीच्या मागच्या पानावर हिशोब मांडून येणारी माणसं अलीकडे वाढली आहेत. हे एक प्रकरण तिच्या संमतीने सविस्तर लिहिते आहे. तिची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, रकमा मात्र वहीतल्याच आहेत.

घर आणि गरज

ती वाशीतल्या एका खासगी रुग्णालयात नोंदणीच्या खिडकीवर काम करते, कंत्राटदारामार्फत. हातात २१,४०० रुपये येतात, सात तारखेला. नवरा शिफ्टने रिक्षा चालवतो. मालकाचं भाडं आणि गॅस जाऊन दिवसाला पाच-सहाशे उरतात, पावसाळ्यात कमी. त्यावर घरचं खाणंपिणं चालतं. मूळ गाव पाटण तालुक्यात. घणसोली गावठाणात वन रूम किचन, भाडं ९,५००. घरात सासूबाई आणि पाचवीतली मुलगी.

मे महिन्यात अकरा महिन्यांचा भाडेकरार संपला. घरमालकाने डिपॉझिट ३० हजारांवरून ४० हजार केलं. करार नोंदणीचा तिच्या वाट्याचा खर्च आणि एजंटचं मिळून आणखी दोन हजार. म्हणजे १२,००० रुपये, बुधवारपर्यंत. मे-जूनमध्ये ठाणे-नवी मुंबईत खोल्या पटापट उचलल्या जातात. शाळा सुरू व्हायच्या आत सगळ्यांना हलायचं असतं, त्यामुळे घरमालक थांबत नाही. "नसेल जमत तर सांगा, दुसरी पार्टी तयार आहे," एवढंच तो म्हणाला.

सोमवार, १९ मे. पुढचा पगार ७ जूनला. मधे एकोणीस दिवस.

रात्री साडेदहा वाजता, सगळे झोपल्यावर, तिने मोरीच्या उंबऱ्यावर बसून फोनवर कर्ज घेतलं. आधार, पॅन, एक सेल्फी, ओटीपी. सात-आठ मिनिटांत पैसे खात्यात आले. "कोणी काही विचारलंच नाही, काकू," ती म्हणाली. हे वाक्य पुढे बराच वेळ माझ्या डोक्यात घोळत राहिलं.

पहिलं कर्ज, नियमातलं

पहिलं ॲप रीतसर नोंदणी असलेल्या एका वित्त कंपनीचं होतं. जाहिरातीत "दरमहा फक्त ३ टक्के". मंजूर रक्कम १५,०००. त्यातून प्रक्रिया शुल्क १,५००, त्यावर १८ टक्के जीएसटीचे २७०, आणि कसल्याशा सदस्यत्वाचे ३३० आधीच कापले. हातात आले १२,९००. तीस दिवसांनी भरायचे १५,४५०.

इथे कागदावर मांडूनच बघावं लागतं. व्याज ४५० रुपये, हे खरंच तीन टक्के. पण पैसे वापरायला मिळाले १२,९००, आणि त्यांच्यासाठी मोजले वरचे २,५५०. म्हणजे तीस दिवसांत जवळजवळ २० टक्के, वर्षाच्या हिशोबाने २४० टक्के. व्याजाचा दर आणि कर्जाची किंमत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बँकेत मी हे शेकडो ग्राहकांना सांगितलं असेल, पण तेव्हा फरक दोन-अडीच टक्क्यांचा असायचा.

रिझर्व्ह बँकेने हीच फट बुजवायला नियम केला आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक किरकोळ कर्जासोबत ठळक माहितीचं पत्रक द्यावं लागतं आणि त्यात सगळे शुल्क धरून वर्षाचा एकूण दर, म्हणजे एपीआर, लिहावा लागतो. ते पत्रक कर्जदाराला समजेल त्या भाषेत हवं, असंही नियम सांगतो. तिच्या ईमेलमध्ये ते होतं. इंग्रजीत, चार पानी. तिसऱ्या पानावरच्या रकान्यात तीन आकडी दर छापलेला होता. मी बोट ठेवून दाखवला तेव्हा तिने तो पहिल्यांदा पाहिला. त्याच कागदात आणखी एक गोष्ट होती. डिजिटल कर्जात किमान एक दिवसाची फेरविचाराची मुदत द्यावी लागते. त्या मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या वेळाचा खर्च परत केला तर दंड न भरता कर्ज मोडता येतं. तिला ते माहीत नव्हतं, आणि असतं तरी डिपॉझिट तर द्यायचंच होतं.

७ जूनला पगार झाला. भाडं गेलं, गावी सासऱ्यांना दोन हजार गेले, रेल्वेचा पास, शाळेचं दप्तर-पुस्तकं. १८ जूनला १५,४५० भरायचे होते आणि हाताशी उरले होते साडेचार हजार.

म्हणून दुसरं ॲप. तेही नोंदणीकृत. मंजूर १४,०००, शुल्क आणि जीएसटी जाऊन हातात १२,३४८. मुदत पंधरा दिवस, भरायचे १४,२१०. तारीख आली ३ जुलै.

कर्ज घेताना तिने रक्कम पाहिली, तारीख पाहिली नाही. पगार सातला, हप्ता तीनला. पगाराच्या आधी चार दिवस परतफेड पडली की ते कर्ज फेडायला दुसरं कर्ज काढावंच लागतं. माझ्या मते या सगळ्या प्रकरणात सर्वांत महाग पडलेली चूक हीच. दराहूनही महाग.

तिसरं, नियमाबाहेरचं

२ जुलैला एसएमएसमधून एक लिंक आली. तिने एवढ्या ठिकाणी अर्ज केले होते, की नंबर कुठूनतरी फिरला असणार. ते ॲप प्ले स्टोअरवर नव्हतंच, लिंकवरून फाइल उतरवून घ्यायची होती. उतरवताना त्याने संपर्क यादी, फोटो आणि मेसेज बघायची परवानगी मागितली. तिने दिली. परवानगी दिल्याशिवाय पुढचं पानच उघडत नव्हतं.

रिझर्व्ह बँकेच्या नियमांत कर्जाच्या ॲपला फोनमधली संपर्क यादी, कॉल लॉग, फोटो-फाइल्स बघायला मनाई आहे. केवायसीपुरता, म्हणजे ओळख पडताळण्यापुरता, एकदा कॅमेरा, माइक किंवा लोकेशन, तेही विचारून. म्हणजे संपर्क यादी मागितली त्या क्षणीच ते ॲप काय आहे हे कळतं. आमच्या गटांच्या बैठकीत मी आता दर, मुदत वगैरे सांगण्याआधी हे एक वाक्य सांगते.

त्या ॲपने तिला सात-सात हजारांची तीन कर्जं दाखवली. प्रत्येकी हातात ४,२००. मुदत सात दिवस. तिन्ही मिळून १२,६०० आले. नवऱ्याकडून शाळेच्या नावाखाली सोळाशे घेतले आणि ३ तारखेचं कर्ज फेडलं. १० जुलैला एकवीस हजार भरायचे होते. ४,२०० घेऊन आठवड्यात ७,००० द्यायचे म्हणजे सात दिवसांत ६६ टक्क्यांच्या वर. वर्षाचा आकडा काढला तर साडेतीन हजार टक्क्यांच्या जवळ जातो. गल्लीतला सावकार महिना दहा टक्क्यांनी पैसे देतो तेव्हा आपण त्याला रक्तपिपासू म्हणतो.

आणि सावकाराला महाराष्ट्रात कायदा आहे. सावकारी नियमन कायदा २०१४ चा. परवाना सहकार खात्याकडून घ्यावा लागतो. शेतकरी नसलेल्या कर्जदाराला तारण असेल तर वर्षाला १५ टक्के आणि विनातारण १८ टक्के, त्याहून जास्त परवानाधारक सावकाराला लावता येत नाही. विनापरवाना सावकारीला पाच वर्षांपर्यंत कैद आहे.

१० जुलैला तिने एक कर्ज पूर्ण फेडलं, ७,०००. उरलेल्या दोन कर्जांना "मुदतवाढ" घेतली, प्रत्येकी २,१०० भरून. मुदतवाढीचे पैसे मुद्दलातून वजा होत नाहीत. आठवडा मिळतो, बाकी १४,००० तशीच. भाडं देऊन पगारातले सातशे उरले. किराणा वाण्याच्या वहीवर गेला.

१७ जुलैला तिने सांगितलं, या आठवड्यात जमणार नाही. संध्याकाळी घरमालकाच्या व्हॉट्सॲपवर तिचा फोटो गेला. चेहरा तिचा, बाकी जोडलेलं. खाली "चोर" आणि तिचा आधार क्रमांक. मग भावाला, गावाकडे. मग रुग्णालयातल्या सुपरवायझरला. सुपरवायझरने तो तिलाच पुढे पाठवला, सोबत एकच ओळ: "हे काय आहे?"

वहीचं पान

त्या रविवारी आम्ही वहीतले आकडे नीट उतरवून काढले.

१९ मे: हातात १२,९००
१८ जून: भरले १५,४५०, हातात १२,३४८
३ जुलै: भरले १४,२१०, हातात १२,६००
१० जुलै: भरले ११,२००
बाकी: १४,०००

बासष्ट दिवसांत हातात आले ३७,८४८ आणि भरले ४०,८६०. उरलेले १४,००० दिले असते तर निव्वळ भुर्दंड १७,०१२ रुपये झाला असता. गरज होती १२,००० ची.

तिने बेरीज दोनदा केली. मग वही मिटली आणि म्हणाली, "म्हणजे मी पहिलं कर्ज केव्हाच फेडलेलं." ते खरं होतं.

काय केलं

आधी फोन. ॲप लगेच काढून टाकायचं नाही. कर्जाची पानं, यूपीआय आयडी, धमक्यांचे मेसेज, नंबर, सगळ्याचे स्क्रीनशॉट घेऊन ते दुसऱ्या एका फोनवर पाठवून ठेवले. मग सेटिंगमध्ये जाऊन परवानग्या बंद केल्या आणि नंतर ॲप काढलं. रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर १ जुलै २०२५ पासून नोंदणीकृत बँका आणि वित्त कंपन्यांच्या कर्ज ॲपची यादी आहे. पहिली दोन त्यात सापडली, तिसरं नव्हतं. १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन केला, राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार टाकली आणि तिचा क्रमांक घेऊन दुपारी पोलीस ठाण्यात गेलो. रिझर्व्ह बँकेच्या 'सचेत' पोर्टलवरही नोंदवलं.

मग ओळखीच्यांना पाठवायचा मेसेज, आणि त्याला सगळ्यांत जास्त वेळ लागला. संपर्क यादीतल्या माणसांना आधीच सांगून ठेवलं तर त्या फोटोंची धार जाते, हा माझा अनुभव आहे. मी मजकूर सांगितला: "माझ्या नावाने येणारे फोटो आणि मेसेज खोटे आहेत. कर्जाच्या ॲपवाल्यांनी केले आहेत. पोलिसांत तक्रार दिली आहे. उत्तर देऊ नका, नंबर ब्लॉक करा." तिने टाइप केलं आणि "कर्जाच्या" हा शब्द खोडला. परत लिहिला. परत खोडला. "नुसतं फोन हॅक झाला लिहू का?" मी म्हटलं, लिही, पण मग उद्या कुणी विचारलं की अजून एक खोटं सांभाळावं लागेल. तासाभराने तिने शब्द ठेवला आणि पाठवलं. पहिलं उत्तर तिच्या चुलत जावेचं आलं, ऐरोलीहून: "माझ्याबरोबर पण झालेलं गं मागच्या वर्षी."

उरलेल्या १४,००० चं काय करायचं यावर आमचं एकमत लगेच झालं नाही. ती म्हणत होती, मुद्दल तरी देऊन टाकते, कुणाचं बुडवायचं नाही. हा विचार मला फार मोलाचा वाटतो. पण हिशोबच असा होता: त्या ॲपकडून आले १२,६००, त्यांना गेले ११,२००. मधले चौदाशे. आणि पैसे मागत होते ते रोज बदलणाऱ्या, खासगी माणसांच्या नावाच्या यूपीआय आयडींवर. तिथे पाठवलेल्या पैशाची पावती नाही, आणि प्रत्येक वेळी भरलं की "या नंबरवरून पैसे निघतात" एवढंच समोरच्याला कळतं. तक्रारीत सगळा हिशोब लिहून दिला आणि एकही पैसा पुढे पाठवला नाही. फोन आणखी नऊ दिवस येत राहिले, मग थांबले.

इथे एक गोष्ट वेगळी काढून सांगते. नोंदणीकृत कंपनीचं कर्ज असतं तर मी "भरू नकोस" असं कधीच म्हटलं नसतं. तिथे देणं खरं असतं, ते क्रेडिट अहवालात दिसतं. वसुलीवाल्याने त्रास दिला तर तक्रार वेगळी करायची: सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायला त्यांना बंदी आहे, नातेवाईकांना छळायला तर आहेच. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे, तीस दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, त्यांच्या तक्रारींच्या सीएमएस पोर्टलवरून, मोफत.

जवळच काय होतं

आता या प्रकरणाचा गाभा. १९ मेच्या रात्री तिच्या घराच्या किंवा कामाच्या जवळ १२,००० रुपये स्वस्तात मिळायच्या चार जागा होत्या. मी एकेकीचा हिशोब तिच्यासमोर मांडला, आणि दर वेळी तिने मला सांगितलं की ती तिथे का गेली नाही. तिची कारणं माझ्या हिशोबाहून जास्त शिकवणारी निघाली.

कामावरची उचल. व्याज शून्य. पण एप्रिलमध्ये तिच्यासोबतच्या एका मुलीने उचल मागितली होती, तेव्हा सुपरवायझर सगळ्यांसमोर म्हणाला होता, "पगार पुरत नाही तर खर्च कमी कर." त्या रुग्णालयातल्या कायम कर्मचाऱ्यांची स्वतःची पगारदार पतसंस्था आहे. सहकार कायद्याच्या कलम ४९ मुळे मालकाने पगारातून हप्ता कापून संस्थेला द्यायचा असतो, म्हणून अशा संस्था बुडीताची भीती न बाळगता कमी दराने देऊ शकतात. एकाच खिडकीवर शेजारी बसणारी कायम मुलगी तिथून कर्ज घेते आणि कंत्राटी मुलीला सभासद होता येत नाही. घणसोलीतच सिम्प्लेक्सच्या बाजूला माथाडी कुटुंबं राहतात. माथाडी कामगारांची मजुरी १९६९ च्या कायद्याने मंडळामार्फत मिळते, म्हणून त्यांच्या पतपेढ्या उभ्या राहू शकल्या. हमाली करणाऱ्याला जे पन्नास वर्षांपूर्वी लढून मिळालं, ते एसीत बसून काम करणाऱ्या कंत्राटी मुलीला आज नाही. याचा मला राग येतो, आणि तो इथे लिहून ठेवते.

सोन्याचं तारण. तिच्या कानातली चार ग्रॅमची. तेव्हा २२ कॅरेटचा भाव ग्रॅमला नऊ हजारांच्या आसपास होता, म्हणजे किंमत छत्तीस हजारांच्या घरात. १२,००० सहज मिळाले असते. बँकेत दहा टक्क्यांनी तीन महिन्यांचं व्याज ३०० रुपये, वर मूल्यांकनाचा किरकोळ खर्च. "कान मोकळे दिसले असते, काकू. आई लगेच विचारतात." आई म्हणजे सासूबाई.

पतसंस्था. आमच्याच संस्थेचा दर १४ टक्के, घटत्या शिलकीवर, म्हणजे फेडायच्या उरलेल्या मुद्दलावरच. बारा हप्त्यांत व्याज ९१० रुपये. पण आधी सभासद व्हायचं, शेअर घ्यायचे, दोन जामीनदार आणायचे, आणि समितीची बैठक पंधरवड्यातून एकदा. बुधवारपर्यंत हवे असलेले पैसे जूनच्या पहिल्या आठवड्यात मिळाले असते. त्यातही जामीनदाराची सही घ्यायला दोन घरं फिरायचं आणि दोन्हीकडे कारण सांगायचं.

पीएफमध्ये तिची शिल्लक होती, पण आगाऊ रक्कम तेव्हा आजारपण, शिक्षण, लग्न, स्वतःचं घर अशा कारणांसाठी मिळायची. भाड्याचं डिपॉझिट त्यात बसत नव्हतं. शिवाय यूएएनवर, म्हणजे पीएफच्या क्रमांकावर, माहेरचं नाव आणि आधारवर सासरचं, म्हणजे दावा तसाही अडकला असता. हे दुरुस्त करायला तिला मी लगेच लावलं. ज्या बायकांनी लग्नानंतर नाव बदललं आहे त्यांनी हे अडचण नसतानाच करून घ्यावं.

आणि चौथा, गल्लीतला बचत गट. दर महिना २ टक्के, घटत्या शिलकीवर. १२,००० चे बारा हप्ते केले तर व्याज १,५६० रुपये, आणि ते व्याज गटातच राहतं, वर्षाअखेर वाटणीत सभासदांकडे परत येतं. ती गटात नव्हती.

"तुमच्या घरात कुणी आहे का गटात?" मी सहज विचारलं.

ती बराच वेळ गप्प बसली. तिच्या सासूबाई नऊ वर्षांपासून गटात आहेत. महिना २०० रुपये, एकही खाडा नाही. त्यांची एकट्यांची बचत २१,६०० झालेली. त्यांनी आजवर एकदाही कर्ज उचललेलं नव्हतं.

जिच्यापासून लपवायचं म्हणून हे सगळं झालं, तिच्याच नावावर स्वस्त पैसे पडून होते.

विकत घेतलेली गुप्तता

वर मी लिहिलं की तिचं एक वाक्य डोक्यात घोळत राहिलं: कोणी काही विचारलंच नाही. ॲपकडे लोक जातात ते वेगामुळे, असं आम्ही बँकवाले समजत आलो. वेग आहेच. पण तिने २,५५० रुपये मोजले ते मुख्यतः न विचारण्याचे. सासू, सुपरवायझर, जामीनदार, काउंटरवरचा क्लार्क, यांपैकी कुणाच्याही नजरेला नजर द्यावी लागू नये याचे. आणि तिसऱ्या ॲपने नेमकी तीच गोष्ट ताब्यात घेतली. त्यांच्याकडे ना तारण होतं ना जामीनदार. तिच्या फोनमधली ४१२ नावं, हेच त्यांचं तारण होतं.

हे कळल्यावर मला आमच्या पतसंस्थेचं काउंटर वेगळं दिसायला लागलं. कर्जाचा अर्ज उंच काउंटरवर, रांगेत, मागे उभ्या चार माणसांच्या कानावर पडेल अशा आवाजात. "कर्ज कशासाठी?" हा प्रश्न आम्ही तिथेच विचारतो. मीही वर्षानुवर्षं तसाच विचारला आहे.

घरात

सासूबाईंना तिने त्याच रात्री सांगितलं. मी तिथे नव्हते, तिने मला दुसऱ्या दिवशी सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत. आधी विचारलं, "फोटो पाटलांच्या घरी गेला का?" पाटील म्हणजे घरमालक. गेला म्हटल्यावर त्या उठून घरमालकाकडे गेल्या, रात्री नऊ वाजता, आणि पंधरा मिनिटांनी परत येऊन जेवायला वाढलं. तिथे काय बोलल्या ते त्यांनी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

गटाच्या पुढच्या बैठकीत सासूबाईंच्या नावावर ८,००० रुपये मंजूर झाले. दहा हप्ते, दरमहा ८०० आणि वर व्याज. एकूण व्याज ८८० होईल. त्यातून वाण्याची ३,८०० ची उधारी आणि मुलीच्या फीचे ४,५०० गेले, तीनशे वरून घातले. कामावर मी स्वतः तिच्यासोबत गेले. सुपरवायझरशी नाही, कंत्राटदाराच्या ऑफिसात बसणाऱ्या हिशोबनीसाशी बोलले. ५,००० ची उचल मिळाली, चार महिन्यांत १,२५० प्रमाणे कापायची. अर्ज एका कागदावर, उत्तर दुसऱ्या दिवशी. इतकं सोपं होतं म्हणून ती रडली.

सगळं नीट झालं असं नाही. भावाने दोन महिने फोन उचलला नाही. गटातल्या एका बाईने "ॲपवाली" असं नाव पाडलं होतं, ते थांबवायला अध्यक्षांना मधे पडावं लागलं. ऑगस्टमध्ये नवऱ्याची रिक्षा आठ दिवस बंद होती तेव्हा तिने परत एकदा फोनवर कर्जाचं पान उघडलं होतं. हे तिने मला स्वतःहून सांगितलं. मग तिने वाण्याला सांगून महिना ढकलला.

संस्थेत

पतसंस्थेच्या समितीपुढे मी हे प्रकरण नाव न घेता मांडलं आणि तीन गोष्टी मागितल्या. कंत्राटी कामगारांसाठी १५,००० पर्यंतचं तातडीचं कर्ज, तीन दिवसांत निर्णय. दोनऐवजी एक जामीनदार, किंवा बचत गटाचं शिफारसपत्र. आणि अर्ज आतल्या खोलीत बसून, काउंटरवर नाही. हप्त्याची तारीख कर्जदाराच्या पगारानंतरची, हे मी चौथं म्हणून जोडलं.

खुर्ची-टेबल आत हलवायला कुणाची हरकत नव्हती. पगारानंतरची तारीखही मान्य झाली. तातडीचं कर्ज सप्टेंबरच्या वार्षिक सभेत मंजूर झालं, पण १०,००० पर्यंत आणि फक्त सहा महिने जुन्या सभासदाला. ही सहा महिन्यांची अट मला पटलेली नाही. अडलेला माणूस सहा महिने आधी कसा येणार? समितीचं म्हणणं असं की ठेवीदारांचा पैसा आहे, माणूस ओळखीचा हवा. त्यांचं म्हणणं पूर्ण चुकीचं नाही, म्हणून मी दुसरी बाजू धरली: गटांच्या बैठकांमध्ये जाऊन बायकांना अडचण नसताना सभासद करून घ्यायचं. सप्टेंबर ते डिसेंबर या काळात एकवीस जणी झाल्या.

ती त्यातली तिसरी. शेअरचे पैसे तिने सासूबाईंकडून घेतले, या वेळी कारण सांगून. डिसेंबर २०२५ पर्यंत गटाचे पाच हप्ते गेले आहेत, उचल फिटली आहे, यूएएनवरचं नाव दुरुस्त झालं आहे. पोलिसांकडच्या तक्रारीत अजून काही निष्पन्न झालेलं नाही.

तिचा भाडेकरार एप्रिलमध्ये संपतो. घरमालकाने डिपॉझिटचं आतापासूनच सूचित केलं आहे. संस्थेत तिचे सहा महिने मार्चमध्ये पूर्ण होतात.